समोर न बसलेला राजा

माझे वडील अर्धपुतळे करायचे. शाळेच्या आवारात, पतपेढीच्या दारात, साखर कारखान्याच्या बागेत चौथऱ्यावर छातीपर्यंतचा जो माणूस दिसतो, तो. आमच्या तालुक्यात आणि आजूबाजूला असे बरेच संस्थापक, अध्यक्ष आणि गुरुजी बाबांच्या हातचे आहेत. गिऱ्हाईक फोटो घेऊन यायचं, तोही बहुतेक वेळा समोरून काढलेला. त्यावरून बाबा आधी शाडूच्या मातीत चेहरा करायचे, मग साचा काढायचे, आणि धातूचं ओतकाम बाहेरून करून आणायचे. लहानपणी माझी समजूत होती की बाबांच्या शेडमध्ये ज्याचा फोटो येतो तो माणूस मेलेलाच असतो.

ते खरंही होतं. जिवंत माणसाचा पुतळा करायचा नाही, हा आमच्या घरातला नियम होता. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, तसंच. बाबांना ज्यांनी काम शिकवलं त्यांनी तो नियम घालून दिला होता. एकदा एका पुढाऱ्याचे कार्यकर्ते आले, साहेबांच्या साठीला पुतळा हवा म्हणून. बाबांनी त्यांना चहा पाजला आणि हात जोडले. "साहेबांना उदंड आयुष्य मिळो," म्हणाले, "मला काम नाही मिळालं तरी चालेल." कार्यकर्ते खूश होऊन गेले. आई आत तोंडाला पदर लावून हसत होती.

मी या सगळ्यापासून शक्य तितक्या लांब आले. जर्सी सिटीत एकतिसाव्या मजल्यावर भाड्याच्या घरात आम्ही नवरा-बायको राहतो. नदीपलीकडे मॅनहॅटनमध्ये एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये मी काम करते. काही बंद पडलं की ते का पडलं हे शोधून काढायचं आणि चार ओळींत लिहून द्यायचं, हे माझं काम. वाद घालणं हा माझा स्वभाव आहे आणि तो या नोकरीने आणखी धारदार केला आहे. नवरा नागपूरचा, शांत. तो म्हणतो, "तुझ्याशी भांडायचं म्हणजे पुरावे घेऊन यावं लागतं यार."

आईचं वर्षश्राद्ध झाल्यावर मी बाबांना सहा महिन्यांसाठी इकडे आणलं. तोपर्यंत त्यांचे डोळे पूर्ण गेले होते. काचबिंदू. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग नळीतून बघावं तसं फक्त मधलं उरलं, मग तेही नाही. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण खिडकीपाशी जाऊन "काय व्ह्यू आहे!" म्हणतो. बाबा त्याच खिडकीकडे पाठ करून बसायचे. सोफ्याचं एक टोक त्यांचं ठरलेलं होतं. हात मांडीवर, तळवे वर. त्या हातांना काही काम नाही हे मला बघवत नव्हतं.

म्हणून मी माती मागवली. इथे आर्ट सप्लायच्या दुकानात मिळते ती, राखाडी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली दहा किलोची वीट. शनिवारी सकाळी टेबलावर ठेवली, बाबांचा हात धरून तिच्यावर ठेवला. त्यांनी तो असा मागे घेतला की मला चटका बसल्यासारखं झालं.

"उचल ती," बाबा म्हणाले.

"अहो, नुसता टाइमपास करा. गोळे करा. तुमच्याकडून कोणी पुतळा मागत नाहीये."

"उचल म्हटलं ना."

आयुष्यात त्यांनी माझ्यावर आवाज चढवल्याचे प्रसंग मला एका हातावर मोजता येतील. मी माती कपाटात टाकली, भांडी आपटत चहा केला आणि कप त्यांच्या हातात देऊन समोर बसले. कारण सांगितल्याशिवाय मी उठणार नाही, हे त्यांनाही माहीत होतं. त्यांनी चहा संपवला, कप चाचपत खाली ठेवला. मग त्यांनी सांगितलं.

डोळ्यांत मधलं तेवढं दिसत होतं त्या दिवसांत त्यांनी आईचा चेहरा केला होता. आईला न सांगता. दुपारी जेवणं झाल्यावर ती शेडमध्ये येऊन बसायची, भाजी निवडत, पेपर वाचत. बाबा तिला सांगायचे, एका शाळेच्या संस्थापकांचं काम चाललंय. ती मान वर करून बघायचीही नाही. पंधरा-सोळा दुपारी त्यांनी ते काम केलं.

"म्हटलं, दिसतंय तोवर तिचं एकदा करून घ्यावं," बाबा म्हणाले. "नंतर हाताला तरी असावं."

"मग?"

"मग काय. चांगलं झालं होतं. माझं सगळ्यात चांगलं काम ते. आणि आठ महिन्यांनी ती गेली."

तेराव्यानंतर त्यांनी तो चेहरा माती भिजवायच्या हौदात टाकला. चार दिवसांनी हात घालून पाहिला तर सगळी माती एक झालेली होती. तेव्हापासून त्यांनी मातीला हात लावला नव्हता. "नियम मला माहीत होता," ते म्हणाले. "चाळीस वर्षं पाळला. मोडला तो तिच्यावर."

मी तिथे लेक म्हणून गप्प बसायला हवं होतं. पण मी वाद घातला. आईला ब्लड प्रेशर होतं, ती गोळ्या चुकवायची, डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं, तिच्या आईलाही असंच झालं होतं. मेंदूत रक्तस्राव होतो तो प्रेशरने होतो, मातीने नाही. मी एकेक मुद्दा बोटांवर मोजत होते आणि बाबांना माझी बोटं दिसत नव्हती.

"कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, बाबा. बाकी काही नाही."

"हो ना," बाबा म्हणाले. "पण त्या कावळ्याला विचार, त्याला काय वाटतं ते."

वाद हातातून सुटला की मी पुरावा शोधायला निघते. दृष्टी नसलेल्यांसाठी मॅनहॅटनमधल्या एका संग्रहालयात महिन्यातून एकदा काही शिल्पांना हात लावून बघता येतं, हे मला ऑफिसातल्या एकीने पूर्वी सांगितलं होतं. त्यांची यादी काढली. एक ग्रीक पाय, इजिप्तचं मांजर, आणि रशियाच्या एका सम्राटाचा संगमरवरी अर्धपुतळा. दोनशे वर्षांपूर्वीचा. नवअभिजात शैलीतल्या शिल्पकाराचा, म्हणजे समकालीन माणसांनाही जुन्या रोमन लोकांसारखं घडवणाऱ्यांपैकी एकाचा. मी तारखा ताडून पाहिल्या. पुतळा झाला तेव्हा सम्राट गादीवर होता आणि पुढे बरीच वर्षं राहिला. मला एवढंच हवं होतं. मी लगेच दोघांची नावं नोंदवली.

बाबांना मी सगळं सांगून नेलं. "जिवंत राजाचा पुतळा आहे. हात लावून बघा. त्याला काही झालं नाही."

"राजाला कशाला काही होईल," बाबा म्हणाले. पण आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले.

संग्रहालयात एक सत्तरीची स्वयंसेवक बाई आमच्यासाठी थांबली होती. पांढरे केस बारीक कापलेले, हळू बोलणारी. तिने बाबांना पातळ हातमोजे दिले आणि घड्याळ, अंगठी काढायला सांगितली. बाबांनी मोज्यातली बोटं उघडून-मिटून पाहिली. मग तिने त्यांना पुतळ्यासमोर उभं केलं आणि मी पहिल्यांदा त्या राजाकडे नीट पाहिलं. देखणा होता. उघडी छाती, रोमन लोकांसारख्या आखूड बटा कपाळावर आणलेल्या, ओठांवर किंचित हसू. अंगावर एक पदक नाही. सगळीकडे एकसारखा पांढरा, गुळगुळीत.

बाबांनी चेहऱ्याला हात लावला नाही. ते चाचपत मागे गेले. मागची बाजू आतून कोरून पोकळ केलेली होती आणि मधे आधाराला दगडाचा खांब ठेवलेला होता. त्यांनी तो खांब मुठीत धरला आणि चार-पाच महिन्यांत पहिल्यांदा मला त्यांच्या चेहऱ्यावर कामाचा भाव दिसला. "वजन काढलंय," म्हणाले. "आम्ही पण असंच करतो. पुतळा मागून बघावा. पुढून सगळेच चांगले असतात." मग मान, मग कानामागची जागा, मग केस. केसांच्या खोल रेघेत करंगळी घालून म्हणाले, "इथे गिरमिट चालवलंय." मी भाषांतर केल्यावर त्या बाईने कौतुकाने मान डोलावली. शेवटी दोन्ही हात गालांवर आले आणि तिथे बराच वेळ थांबले. ते हनुवटीपर्यंत गेले, परत वर आले, परत खाली.

"हा समोर बसला होता का, विचार त्यांना," बाबा म्हणाले.

मी विचारलं. बाईने सरळ उत्तर दिलं. बसला असावा असं वाटत नाही. शिल्पकार रोममध्ये होता, सम्राट रशियात. त्या काळी राजांचे साच्यातून काढलेले प्रसिद्ध चेहरे देशोदेशी फिरायचे, त्यांतल्याच एकावरून हा केला असणार. अशा प्रती स्टुडिओत बऱ्याच झाल्या, त्यातलं पुष्कळसं काम हाताखालचे लोक करायचे. शिल्पकाराने राजाला कधी पाहिलंच नसेल, ती म्हणाली.

मी बाबांकडे वळले आणि म्हणाले, "हो म्हणतायत. बसला होता. आणि पुढे खूप वर्षं जगला."

हे मी केलं. विचार करून केलं असं नाही, पण चुकून केलं असंही नाही. जिंकायला एक वाक्य कमी पडत होतं आणि ते मी बनवलं.

बाबांचे हात अजून गालांवरच होते. "बाई काय म्हणाल्या ते सांग," ते म्हणाले. "तू काय म्हणतेस ते मला माहीत आहे."

"तेच सांगितलं."

"नेव्हर म्हणाल्या त्या. नेव्हर समजण्याइतका मी शिकलोय." त्यांनी अंगठा राजाच्या गालफडावरून खाली ओढला. "आणि त्या नसत्या म्हणाल्या तरी कळतं. इथे हाड नाही. प्रत्येक माणसाचं काहीतरी वाकडं असतं, एक बाजू बसकी असते, दात पडलेला असतो. ह्याचं काहीच नाही. ह्याला घडवणाऱ्याने पाहिलेलं नाही. ह्याच्या मरण्या-जगण्याचा ह्या पुतळ्याशी संबंधच नाही."

त्यांनी हातमोजे काढून, नीट घडी घालून बाईंना परत दिले आणि इंग्रजीत "थँक यू" म्हणाले. मला इतकी लाज वाटली की मी त्या बाईकडे न बघताच निघाले.

ट्रेनमध्ये लाजेचा राग झाला. माझं नेहमी असंच होतं. मी म्हणाले, "ठीक आहे. मग माझा करा."

"काय?"

"माझा पुतळा करा. मी समोर बसते. मला काही झालं नाही म्हणजे तुम्हाला पटेल ना? हाताने बघून करा."

माझा आवाज चढला असावा, कारण समोरच्या सीटवरच्या बाईने चमकून वर पाहिलं. तिला शब्दन्शब्द कळला असावा, मराठीच असणार. पुढच्या स्टेशनला ती उठून दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

"तुझ्यावर प्रयोग करू?" बाबा म्हणाले. "एवढा मूर्ख समजतेस मला?"

"म्हणजे तुम्ही अजून मानता."

"मानत नाही गं. मानतो की नाही ते मलाच कळत नाही. पण तुझ्यावर नाही करणार."

दोन आठवडे आम्ही मिठाला मीठ आणि पाण्याला पाणी एवढंच बोललो. नवऱ्याने मधे पडून पाहिलं, मग तोही कंटाळला. बाबांच्या परतीच्या तिकिटाला महिना राहिला होता. ते इथून जसे आले तसेच जाणार, त्या शेडमध्ये, त्या हौदाशेजारी, एकटे, आणि मी इथून रोज फोनवर जेवलात का विचारणार, हे मला दिसत होतं. मी माझ्या कामात कधी हरत नाही असं नाही, पण इतकी पूर्ण हरले नव्हते.

एका शनिवारी सकाळी बाबांनी विचारलं, "ती माती वाळली का?"

"प्लॅस्टिकमध्ये आहे. कपाटात."

"काढ. माझा तू कर."

मला आधी कळलंच नाही. ते म्हणाले, "प्रयोगच करायचा ना? माझ्यावर कर. मी सत्तरी ओलांडली आहे. शिकवतो मी. हात तुझे, बाकी माझं."

मी आयुष्यात पोळी सोडून कशालाही आकार दिलेला नाही आणि पोळीचाही नकाशाच होतो. पण मी हो म्हणाले. मला वाटलं, चला, हातात माती तरी आली. नवऱ्याने फळीला मोडक्या झाडूचा दांडा ठोकून दिला, त्याला तार गुंडाळली. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली. बाबा खुर्चीत ताठ बसले आणि सूचना द्यायला लागले.

"आधी कवटी. चेहऱ्याला हात लावू नकोस. चेहऱ्याची घाई करतो तो फसतो." "अंगठ्याने दाब, बोटांनी कुरवाळू नकोस, ते मांजर नाही." "डोळ्यांना खड्डे कर नुसते, आत मागाहून भरता येतं." मी केलं की ते हात पुढे करायचे, मी त्यांची बोटं मातीला लावायची. एकदा मातीला, एकदा स्वतःच्या तोंडाला, असं बघून ते चूक सांगायचे. पहिल्या दिवशीच त्यांची नखं राखाडी झाली आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. जेवताना त्यांनी दोनदा भात घेतला.

तीन शनिवार-रविवार असे गेले. आधी तो कुणीही होता. मग कुणीतरी म्हातारा झाला. बाबा गमतीत होते. "हा पतपेढीचा चेअरमन झालाय," म्हणायचे, "गालावरची माती काढ, एवढा मी खात नाही." नाकाचं हाड जरा डावीकडे झुकलं आहे हे मला त्यांनीच सांगितलं. चाळीस वर्षं ते नाक समोर असून मी पाहिलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्याला मी इतकं जवळून, इतका वेळ कधी बघितलंच नव्हतं. त्यांच्या खालच्या ओठाला उजवीकडे एक मुडप आहे. बोलायला सुरुवात करण्याआधी तिथे किंचित हालचाल होते. शेवटच्या रविवारी मी ती मुडप केली, कोरणीच्या टोकाने, एका झटक्यात. मागे सरकून बघितलं.

टेबलावर बाबा होते.

सारखेपणा होता असं नाही, ते तेच होते. आणि खुर्चीतही तेच होते, डोळे मिटून, ऊन गालावर घेऊन, पुढच्या सूचनेच्या तयारीत. कानाचं थोडं आणि भुवयांचं थोडं एवढंच काम उरलं होतं. अर्ध्या तासाचं. ते केलं की पुतळा पूर्ण झाला. मी कोरणी पुढे नेली आणि हात जाईना. मला सगळं ठाऊक होतं. प्रेशर, गोळ्या, कावळा, फांदी, सगळं. मीच तर ते पाच महिने बोटांवर मोजत होते. त्यातलं एकही त्या वेळी हाताच्या कामाला आलं नाही. त्या मातीला आणखी एक रेघ ओढायची म्हणजे बाबांना काहीतरी करणं होतं, आणि ते माझ्याच्याने होईना. मला रडू आलं आणि ते मी आवाज न करता दाबलं. आंधळ्या माणसासमोर एवढं तरी जमतं असं मला वाटलं होतं.

"हात थांबला तुझा," बाबा म्हणाले.

"काही नाही. माती वाळलीय जरा."

"माती नाही वाळली. मला वास येतोय ओलीचा." त्यांनी कान माझ्याकडे केला. "घाबरलीस."

त्यांनी हात पुढे केला, हवेत शोधला, माझं मनगट त्यांना सापडलं. कोरणी अजून मुठीतच होती.

"अगं वेडे," ते म्हणाले, "पुतळा केला म्हणून कुणी जात नाही. असं काही नसतं."

मी इतक्या महिन्यांत त्यांना पन्नासदा सांगितलेलं वाक्य ते मला समजूत घालायला सांगत होते, अगदी सहज, माझी भीती जावी म्हणून. मी हो म्हणाले. त्यांनी माझं मनगट थोपटलं. मग थोपटणं थांबलं. त्यांची मान हळूहळू खाली आली आणि खालच्या ओठाच्या त्या मुडपीत हालचाल झाली. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, अगदी हळू, एकेक शब्द चाचपून.

"पुतळा केला म्हणून कुणी जात नाही."

माझं मनगट त्यांच्या हातातच होतं, पण या वेळी ते माझ्याशी बोलत नव्हते.